३-१ ची आघाडी तिसऱ्या पीरियडमध्ये घालवली. कॉलेज आइस हॉकी पाहणारं इथे कुणी आहे का?

खडकीची_लेफ्टहाफ (शुक्रवार, रात्री ११:५२)

आत्ताच घरी पोचलो. लेक गाडीतच झोपली होती, तिला बुटांसकट उचलून आणून गादीवर ठेवलं. मला मात्र झोप लागणार नाही, म्हणून लिहायला बसले. इथे खेळ म्हटलं की बहुतेक धागे क्रिकेटचे असतात, पण अमेरिकेतल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी कॉलेजची आइस हॉकी पाहत असेलच. आज जे पाहिलं ते कुणापाशी तरी बोलायचंय, आणि एक प्रश्नही आहे.

मी मूळची खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे मातीवरची. वडील कारखान्यातून सुटले की मला सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर घेऊन जायचे. धनराज पिल्ले आमच्याच खडकीचे, त्यामुळे आमच्या गल्लीत बॅटीपेक्षा स्टिका जास्त होत्या. मी शाळेच्या संघात लेफ्ट हाफ होते. चौदा वर्षांपूर्वी इथे आले आणि पहिल्याच हिवाळ्यात शेजारीण रिंकवर घेऊन गेली. सुरुवातीला काही कळेना, पक, म्हणजे बर्फावरची ती चपटी रबरी चकती, दिसेचना. मग लक्षात आलं की पकच्या मागे नजर पळवायचीच नाही, ज्याच्याकडे पक नाही तो काय करतोय ते बघायचं. वडील मैदानाच्या कडेला उभं राहून हेच सांगायचे. त्या दिवसापासून जे लागलं ते सुटलेलं नाही. लेक आता दहा वर्षांची आहे आणि गावातल्या मुलांच्या संघात गोली आहे.

राहते मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, लेक सुपीरियरच्या दक्षिण काठाला. इथे माणसं कमी, बर्फ भरपूर, आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणारी कॉलेजं मात्र तीन. हॉटन, मार्केट आणि सू सेंट मरी. गावं एवढीशी, पण तिन्ही ठिकाणचे संघ राष्ट्रीय विजेते झालेले आहेत. हॉटनचा १९६२, १९६५ आणि १९७५ मध्ये, सू सेंट मरीचा १९८८, १९९२ आणि १९९४ मध्ये, मार्केटचा १९९१ मध्ये. रिंकमध्ये आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात, फिनिश वंशाचे, उभा जन्म खाणीत काढलेले. त्यांना ही सातही वर्षं तोंडपाठ आहेत. यातला माझा संघ कोणता ते मी लिहीत नाही. खेळणारी पोरं वीस-बावीस वर्षांची आहेत, माझ्या एका रात्रीच्या संतापापायी त्यांच्या कॉलेजचं नाव इथे राहायला नको.

आता सामना.

पहिला पीरियड मी गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेला सर्वात देखणा. दोन जण सरळ त्यांच्या गोलच्या मागे घुसत होते, तिसरा मध्ये थांबून पास तोडत होता, आणि आमचे डिफेन्समन त्यांच्या बाजूच्या निळ्या रेषेवरून मागे हटायला तयार नव्हते. शॉट्स १४-५, गोल २-०. पहिला गोल चौथ्या लाइनमधल्या, म्हणजे आघाडीच्या शेवटच्या तिघांतल्या, एका लहानखुऱ्या पोराचा. त्याला एकदा ढकललं, दुसऱ्यांदा पाडलं, आणि त्याने गुडघ्यांवर बसूनच परत आलेला पक ओढून आत सरकवला. दुसरा पॉवर प्लेवर, म्हणजे त्यांचा एक जण पेनल्टीमुळे बाहेर असताना, डाव्या सर्कलमधून, पक थांबवलाच नाही, आला तसा मारला. बँड वाजतोय, विद्यार्थी समोरच्या गोलीकडे बोट दाखवून ‘सीव्ह, सीव्ह’ ओरडताहेत, म्हणजे चाळण, चाळण. आजोबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते सहसा उठत नाहीत, गुडघे दुखतात.

दुसऱ्या पीरियडमध्ये एक त्यांचा, एक आमचा. ३-१. तिथवर माझी काही तक्रार नाही. मध्यंतरात सहा-सात वर्षांची पोरं आडव्या रिंकवर खेळली, एक जण चुकीच्या गोलकडे पक घेऊन सुसाट गेला आणि सगळ्या रिंकने त्यालाच टाळ्या दिल्या.

आणि मग तिसरा पीरियड.

बाहेर आले ते वेगळेच. पक मिळाला की रिंकच्या मधल्या लाल रेषेपर्यंत यायचं, समोरच्या कोपऱ्यात भिरकावायचा आणि बेंचवर जाऊन बसायचं. त्याच्या मागे एकच माणूस जाणार, तोही अर्ध्या मनाने. बाकीचे चौघे मागे भिंत करून उभे. पाहुण्यांनी आरामात पक उचलावा, गोलच्या मागे थांबून श्वास घ्यावा आणि परत यावं. वीस मिनिटांत आमचे शॉट्स तीन. त्यांचे सतरा. शेवटची नऊ मिनिटं राहिली असताना ३-२ झालं. तेव्हा तरी खेळतील असं वाटलं. ते आणखी मागे सरकले.

शेवटची दीड मिनिटं. पाहुण्यांनी गोली काढून सहावा स्केटर आणलेला. आमच्या विंगरला आपल्याच निळ्या रेषेवर पक सापडला. समोर मोकळं बर्फ, पलीकडे रिकामं जाळं. आजोबा हळूच पुटपुटले, ‘गेट द रेड, गेट द रेड’. चार ढांगा टाकल्या असत्या तर लाल रेषा आली असती. त्याने तिथूनच मारला. पक सरळ गेला, अगदी सरळ, आणि खांबाच्या हातभर बाहेरून मागच्या फळीवर आदळला. आयसिंग, म्हणजे लाल रेषेच्या अलीकडूनच लांब मारल्याचा दोष. लेकीने माझी बाही घट्ट धरली आणि म्हणाली, “आई, आता यांना बदली करता येणार नाही.”

फेस-ऑफ, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, परत आमच्या दारात. मैदानावर तीच पाच पोरं, जी आधीच मिनिटभर अडकून पडली होती. टाइम-आउट उरलेला नव्हता, दुसऱ्या पीरियडमध्ये ऑफसाइडचा चॅलेंज हरल्यामुळे गेला होता. आमच्या समोरचा डिफेन्समन कमरेत वाकला होता, स्टिक दोन्ही गुडघ्यांवर आडवी, आणि तोंडावरच्या जाळीतून वाफ बाहेर पडत होती. त्याने बेंचकडे एकदा पाहिलं. मग खाली बर्फाकडे. फेस-ऑफ हरले, पक निळ्या रेषेवर गेला, तिथून शॉट, कुणाच्या तरी पायाला लागून आत. ३-३. घड्याळात १:१२.

ओव्हरटाइम तीन विरुद्ध तीन. ५१ सेकंदांत संपला.

सगळे निघाले तरी लेक उठेना. ती आमच्या गोलीकडे बघत होती. तो गुडघ्यांवरच होता. त्याने जाळ्यातून पक स्वतः काढला, लाइन्समनकडे सरकवला, मग उठून हललेला गोल परत खुंट्यांवर बसवला. कुणी सांगितलं नव्हतं. सामना संपला होता, त्या गोलचा आता उपयोगही नव्हता. आजोबा रोज जाताना लेकीला ‘उद्या भेटू’ म्हणतात. आज काही न बोलता उशी काखेत मारून गेले.

परत येताना सत्तर मैल, भुरभुर बर्फ, चाळीसच्या वर गाडी नेता येत नव्हती. अर्ध्या वाटेत लेक म्हणाली, “आपल्याकडे पक होता, मग त्यांना परत का देत होते?” मला उत्तर देता आलं नाही.

तोच माझा प्रश्न आहे. पहिल्या पीरियडमध्ये ज्यांना कुणी अडवू शकत नव्हतं, त्यांनी तो खेळ सोडून का दिला? याला काही शास्त्र आहे का, की ही निव्वळ भीती? आणि उद्या याच दोन संघांचा दुसरा सामना आहे. लेकीला परत न्यावं का?

जुळी_शहरं (शनिवार, सकाळी ७:१५)

ताई, सकाळी चहाबरोबर वाचलं आणि सामना डोळ्यांसमोर आला. मी मिनिॲपोलिसला सोळा वर्षं आहे, कॉलेज हॉकी पाहणं इथे जेवणाखाण्यासारखं आहे.

शास्त्र आहे, पण अर्धंच. पुढे असताना कोचला सर्वात जास्त धास्ती असते ती निळ्या रेषेवर पक गमावण्याची. तिथे पास चुकला की समोरून तीन जण सुटतात आणि मागे तुमचे दोनच. कोपऱ्यात भिरकावलेला पक दोनशे फूट लांब असतो, तो परत येईपर्यंत तुमची नवी पाच माणसं उभी राहतात. म्हणून ‘खोल टाक आणि बदली कर’. एका शिफ्टपुरतं, म्हणजे बदली होईपर्यंतच्या एका खेपेपुरतं, हे अगदी बरोबर आहे. वीस मिनिटं केलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंत. पक कायम दुसऱ्याकडे, तुम्ही कायम त्याच्या मागे, आणि पकमागे पळणारा हा पक घेऊन पळणाऱ्यापेक्षा लवकर दमतो. शिफ्ट साधारण ४५ सेकंदांची असायला हवी, ती आपल्या झोनमध्ये अडकली की सव्वा मिनिटाची होते. मग पाय जड, पाय जड झाले की डोकं घाई करतं.

आयसिंगचं तेच झालं. नियम तुमच्या लेकीला बरोबर ठाऊक आहे. आपल्या अर्ध्यातून मारलेला पक कुणालाही न लागता समोरची गोलरेषा ओलांडून गेला की आयसिंग, फेस-ऑफ परत तुमच्या झोनमध्ये, आणि मारणाऱ्या संघाला माणसं बदलता येत नाहीत. दमलेल्यांनी सुटका म्हणून पक लांब मारू नये, हाच त्यामागचा हेतू. पेनल्टीमुळे एक माणूस कमी असता तर आयसिंग धरलं नसतं. पण समोरच्याने गोली काढून आपणहून सहा केले, म्हणजे तुम्ही कायद्याने पाचच्या पाच. लहान पोरांनाही शिकवतात, आधी लाल रेषा. फक्त रिकामं जाळं दिसलं की शिकवलेलं विसरायला होतं.

एक सांगतो. आमच्याकडचे हर्ब ब्रुक्स, मिनेसोटाचे कोच, ज्यांनी १९७४, १९७६ आणि १९७९ ला कॉलेजचं विजेतेपद मिळवलं, तेच १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला अमेरिकेचे कोच होते. सगळी कॉलेजात खेळलेली पोरं, २० पैकी १२ मिनेसोटाची. सोव्हिएत संघाविरुद्ध अमेरिकेचा कप्तान एरुझिओनीने ४-३ केलं तेव्हा घड्याळात बरोब्बर दहा मिनिटं होती. जगातल्या सर्वात चांगल्या संघासमोर दहा मिनिटं! कुणालाही वाटेल की आता दार लावून बसावं. ब्रुक्स बेंचवर येरझारा घालत एकच म्हणत होते, ‘प्ले युअर गेम’. शिफ्ट लहान ठेवल्या, पक मिळाला की पुढे नेत राहिले. तुमच्या मुलीचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

उद्या, म्हणजे आज, नक्की न्या तिला.

बोस्टनकर (शनिवार, सकाळी ८:४०)

मी जरा दुसरी बाजू मांडतो. फेब्रुवारीतल्या दोन सोमवारी इथे बीनपॉट नावाची स्पर्धा असते, बोस्टन परिसरातली चार कॉलेजं एकमेकांशी भिडतात. मी दरवर्षी जातो, आणि आघाडी घालवलेले सामने तिथेही ढिगाने पाहिलेत. अशा रात्री कोचला दोष देणं सोपं असतं.

पण छोट्या गावच्या कॉलेजचं आजचं चित्र बघा. ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या व्यवस्थेमुळे, चांगला निघालेला मुलगा वर्षा-दोन वर्षांत मोठ्या कॉलेजात जातो. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर या वरच्या दर्जाच्या ज्युनियर लीगमधल्या मुलांनाही कॉलेज हॉकी खुली झाली, त्यातली नावाजलेली मुलं कुठे जाणार ते उघड आहे. म्हणजे दरवर्षी संघ नव्याने बांधायचा. अशा कोचला पहिला पीरियड हा नशिबाचा भाग वाटत असेल आणि दोन गोलांची आघाडी ही तिजोरी. तो कुलूप लावणारच. आणि सतरा शॉट्समधले सोळा-सतरा फूट अंतरावरून किती होते आणि निळ्या रेषेवरून नुसतेच मारलेले किती, हेही महत्त्वाचं.

शिवाय ओव्हरटाइममध्ये हरल्यामुळे एक गुण मिळाला असेल. मार्चमध्ये तो एक गुण कामाला येतो.

खडकीची_लेफ्टहाफ (शनिवार, सकाळी ९:०५)

जुळी_शहरं, पाय जड झाले की डोकं घाई करतं, हे वाचून त्या विंगरवरचा माझा राग निम्मा उतरला. तो शिफ्टवर किती वेळ होता ते मी बघितलंच नव्हतं. लेकीला विचारलं, ती म्हणाली, खूप वेळ.

बोस्टनकर, गुणाचं बरोबर आहे. पोर्टलचंही. आमचा गेल्या वर्षीचा पहिल्या लाइनचा सेंटर आज मोठ्या कॉलेजच्या जर्सीत दिसतो, आणि त्याचं चांगलं व्हावं असंच मला वाटतं. पण पहिला पीरियड नशीब होतं हे मला मान्य नाही. नशीब एखाद्या शॉटला असतं. वीस मिनिटं तीन माणसं एकमेकांच्या जागा न बघता ओळखतात, ते सोमवार ते गुरुवारच्या सरावातून येतं. ज्यांची दोन माणसं जातात आणि तरी उरलेली असं खेळू शकतात, त्यांना ‘तुमच्याकडून हे पुन्हा होणार नाही, आता मागे बसा’ असं सांगितलं गेलं. मला लागलं ते तिथे. आणि शॉट्सचं म्हणाल तर मी मोजले नाहीत, पण लेकीने सात वेळा ‘हा कठीण होता’ म्हटलं, आणि ती उगाच म्हणत नाही.

रेंजहिल्स (शनिवार, सकाळी ९:४८)

ताई, खडकीचं नाव पाहून आत आलो. बर्फावरचं मला ओ की ठो कळत नाही, मी इथे पोरांना शिकवतो, आपली हॉकी. पण तुमचं तिसऱ्या पीरियडचं वर्णन वाचताना मला सिडनी आठवलं.

२००० चं ऑलिंपिक. पोलंडला हरवलं की आपण उपांत्य फेरीत. १-० ने पुढे. धनराजभाऊ संघात. आमच्याकडे एका घरात टीव्हीपुढे वीस-पंचवीस माणसं, खिडकीत पोरं. शेवटची दोनेक मिनिटं राहिली असतील, पोलंडने बरोबरी केली. संपलं. माझे चुलते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत. शेवटच्या मिनिटांत गोल खाणं हे आपल्या संघाचं दुखणं म्हणून कितीतरी वर्षं सगळे बोलायचे.

मी पोरांना एक सराव देतो. १-० ने पुढे आहात असं धरायचं, पाच मिनिटं उरलीत, आणि अट अशी की चेंडू आपल्या २५ यार्डात एकदाही थांबवायचा नाही. पास करा, ड्रिबल करा, साइडलाइनला नेऊन अडकवा, पण पुढे. पहिल्या दिवशी पोरं घाबरून उगाच फटके मारतात. आठवड्याभराने घाबरत नाहीत. घाबरायचं नाही हेही शिकवावं लागतं, आणि ते आघाडी मिळायच्या आधी.

तुमचे वडील कुठल्या मैदानावर न्यायचे? आणि लेक गोली का झाली, लेफ्ट हाफची मुलगी?

खडकीची_लेफ्टहाफ (शनिवार, सकाळी १०:२०)

दादा, सिडनीचा तो सामना आम्ही घरीच पाहिला होता. वडिलांनी टीव्ही बंद केला नाही. पुढचा कुठला तरी कार्यक्रम लागला तरी तसेच बसून होते. मैदान म्हणजे कारखान्याच्या बाजूचं, पावसाळ्यात अर्धं पाण्यात असायचं ते. तुम्हाला ठाऊक असेल.

लेक गोली झाली कारण पहिल्या वर्षी गोलीचे पॅड कुणी घालायला तयार नव्हतं आणि तिने हात वर केला. आता काढायला तयार नाही.

हॉकीची_आई (शनिवार, दुपारी १२:१०)

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, ज्युनियर लीगमध्ये खेळतो, कॉलेजसाठी धडपडतोय. म्हणून थोडं आतलं सांगते.

ही मुलं बारावीनंतर लगेच कॉलेजात जात नाहीत. वर्ष-दोन वर्षं ज्युनियर खेळतात, घरापासून हजार मैलांवर, परक्या कुटुंबाकडे राहून. माझा मुलगा ज्यांच्याकडे आहे त्या बाईंना तो आता नावाने न बोलावता मॉम म्हणतो, आणि ते ऐकताना मला बरंही वाटतं आणि पोटात तुटतंही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येतात तेव्हा वीस-एकवीसची असतात. तुमचा तो विंगर काल रात्री झोपला नसणार. आज सकाळी त्याला व्हिडिओ दाखवला असेल, त्या खोलीत सगळ्यांसमोर, चार ढांगा कमी कशा पडल्या ते थांबवून थांबवून. माझ्या मुलाचं असं झालं होतं तेव्हा त्याने मला फोनवर एवढंच सांगितलं की आई, आज जेवण नको.

पण म्हणून तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. या मुलांनाही मागे बसायला आवडत नाही हो. त्यांना विचारून बघा. गाडीत बसल्यावर माझा मुलगा हेच बोलतो, “आम्हाला खेळू देत नाहीत.”

आज जाणार असाल तर अर्धा तास आधी जा. वॉर्म-अपच्या वेळी लेकीला गोलीच्या मागच्या काचेशी उभं करा. काल हरलेला गोली आज पहिले दहा शॉट्स कसे घेतो, हे तिला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

खडकीची_लेफ्टहाफ (शनिवार, रात्री ११:४०)

गेलो. ताई, तुम्ही म्हणालात तसं आधी जाऊन काचेशी उभे राहिलो. सराव सुरू व्हायच्या आधी तो दोन्ही खांबांमध्ये बर्फावर इकडून तिकडे स्केटने घासत होता, गुळगुळीत बर्फ खरखरीत करायला, म्हणजे सरकताना पकड मिळते. लेक म्हणाली की ती पण तसंच करते, पण तो डावीकडे जास्त घासतोय. काल ओव्हरटाइमचा गोल डावीकडूनच गेला होता. पहिले सहा शॉट्स त्याने हातमोज्यात घेऊन खाली टाकून दिले. सातवा धरून ठेवला, बघितला, मग सोडला.

जिंकलो. २-१. आणि तरी मला पूर्ण समाधान झालं असं लिहिता येत नाही, कारण तिसऱ्या पीरियडमध्ये पुन्हा तेच. पहिल्यात १२ शॉट्स, तिसऱ्यात पाच. कालपेक्षा दोन जास्त, एवढंच. गोलीने वाचवलं. निकाल वेगळा लागला म्हणून माझं मत बदललेलं नाही. बोस्टनकर म्हणतील, बघा, कुलूप टिकलं. टिकलं, पण कडी हलत होती.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. शेवटचं मिनिट, पाहुण्यांचा गोली बाहेर, आणि पक आला तो त्याच विंगरकडे. तीच बाजू, साधारण तीच जागा. रिंकमध्ये आवाज एकदम बसला. समोर जाळं रिकामं. तो निघाला. लेक मोठ्याने मोजायला लागली, एक, दोन, तीन, मागून एक जण त्याच्या हातावर स्टिक मारतोय, चार, लाल रेषा, आणि तिथून त्याने जाळ्याकडे बघितलंही नाही, पक कोपऱ्यात सोडला आणि स्वतः त्याच्या मागे गेला. स्वतः गेला. फळीशी दोघांना अंगावर घेऊन पक पायाखाली धरून ठेवला, आठ-नऊ सेकंद. एका साध्या कोपऱ्यात टाकलेल्या पकला एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. आजोबा उभे होते.

रेंजहिल्स दादा, तुमचा सराव लेकीला वाचून दाखवला. २५ यार्ड म्हणजे निळ्या रेषेपर्यंत का, असं विचारतेय. साधारण तेवढंच, असं सांगितलंय. तिच्या कोचला ती मंगळवारी सांगणार आहे.

पुढचे दोन आठवडे संघ बाहेरगावी आहे. त्यानंतरच्या शुक्रवारची तिकिटं काढली. जाताना आजोबा लेकीला म्हणाले की पुढच्या वेळी येताना खाणवाल्यांची पास्टी आणतो, त्यांची बायको करते, मोठ्या करंजीसारखी, आत बटाटा, कांदा आणि रुटाबेगा घालून. आम्ही मांस खात नाही हे त्यांना माहीत आहे, आमच्यासाठी दोन वेगळ्या करणार आहेत. मी चकली करून नेईन. भाजणी संपलीय, आईकडून आलेली शेवटची पिशवी दिवाळीतच झाली. इथे मिनेसोटा किंवा शिकागोकडून कुणी पाठवू शकत असेल तर कळवा.